टाकी देते, घेत नाही

बोलणं बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. भांडण मात्र एक दिवसही बंद पडलं नव्हतं.

खाली थोरली, वर तिची धाकटी जाऊ. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, एकाच कारखान्यात बॉयलर जोडणारे, आणि दोघंही आता नाहीत. मागं राहिल्या या दोघी आणि मध्ये एक स्लॅब. वाटणीत खालचा मजला थोरलीला आला, वरचा मजला आणि गच्ची धाकटीला. वर जायचा जिना बाहेरून, त्यामुळे एकमेकींचं तोंड बघायची गरज नव्हती. गरज नव्हती म्हणून सवय गेली आणि सवय गेली म्हणून नियम झाला. थेट बोलायचं नाही. सांगायचंच झालं तर मध्ये कुणाला तरी उभं करायचं. दूधवाला चालेल, टपालवाला चालेल, मीटर बघायला आलेला माणूसही चालेल. कुणीच नसलं तर भिंत आहेच.

"भिंती," थोरली मान वर करून म्हणायची, "सांग तिला, बादली आपटायची हौस असेल तर स्वतःच्या डोक्यावर आपट."

वरून उत्तर यायचं, "भिंती, सांग त्यांना, कान एवढे तिखट आहेत तर जीभ तरी गोड ठेवा."

जी आधी थेट बोलेल ती हरली. असं कुणी ठरवलं नव्हतं, पण दोघींना ते पाठ होतं. आणि थोरली आयुष्यात कधी हरलेली नव्हती. शाळा तिनं दुसरीत सोडली, तीही मास्तरला चार शब्द सुनावून. सही करताना अजून जीभ बाहेर यायची, पण हिशेबात तिला कुणी फसवलेलं नव्हतं आणि शब्दात कुणी मागं टाकलेलं नव्हतं. नाकावर माशी बसली तर माशीच माफी मागून उठत असेल, असं तिचा मुलगा म्हणायचा. अर्थात ती जवळपास नसताना.

आता टाकीचं सांगायला हवं.

थोरलीच्या न्हाणीघराच्या माळ्यावर तांब्याची टाकी होती. दीडशे लिटरची. बाहेरून पत्र्याचं आवरण, मध्ये काचेची लोकर, पोटात विजेची कॉइल. बाजारातली नव्हे. तिच्या नवऱ्यानं बत्तीस वर्षांपूर्वी मागच्या अंगणात, सुट्टीच्या दिवशी, पत्रा वाकवून आणि झाळून केलेली. घरात गरम पाणी म्हटलं की ते त्या टाकीतून यायचं, दुसरीकडून नाही. थोरलीची तीन बाळंतपणं तिनं काढली, सासऱ्यांचं आजारपण काढलं, नवऱ्याला शेवटची आंघोळ घातली तीही त्याच पाण्यानं. "बत्तीस वर्षांत एक थेंब गळली नाही," थोरली सांगायची. "माणसं गळाली, टाकी नाही."

पण कॉइल म्हातारी झाली होती. आठवड्यातून दोनदा घरभराची वीज उडवायची. एका सकाळी मुलगा तोंडाला साबण लावून अंधारात उभा राहिला आणि तिथंच त्यानं ठरवलं.

"आई, ही टाकी काढू. गच्चीवर सोलर बसवू. नव्या टाकीसकट येतं सगळं."

"टाकी निघाली तर तिच्या मागोमाग मी निघेन."

"कुठं?"

"तुझ्या डोक्यावर. जागा रिकामीच आहे."

मुलगा हट्टाला पेटला, आईही पेटली. दोन दिवस घरात जेवणाच्या वेळी नुसत्या चमच्यांचे आवाज आले. तिसऱ्या दिवशी मुलानं एका फिटरला बोलावलं. पन्नाशीचा, वाळका माणूस, कानावर पेन्सिल. शब्द तोलून मापून वापरणारा. तो माळ्यावर चढला, टाकीला बोटाच्या पेरानं तीन ठिकाणी ठोकलं, कान लावला आणि म्हणाला, "काढता कशाला? बाजारात असलं तांबं मिळायचं नाही. हिलाच जोडून देतो सोलर."

थोरलीनं मुलाकडं असं बघितलं की तो बिचारा भिंतीकडं बघायला लागला.

"टाकीच्या बुडाशी पाणी सोडायचा नळ आहे," फिटर सांगू लागला. "तिथून थंड पाणी उचलू. छोटा पंप ते गच्चीवर पॅनलमध्ये चढवील. तिथं उन्हानं तापेल आणि दुसऱ्या पाइपनं परत खाली टाकीत येईल. दिवसभर असं गोल गोल. पॅनल गार पडलं की पंप आपोआप बंद."

"म्हणजे पाणी टाकीत तापणार नाही?"

"नाही बाई. वर तापणार. टाकी नुसती साठवणार."

"नुसती?" थोरलीच्या भुवया वर गेल्या. "माझी टाकी या घराला गरम पाणी देते. ती कुणाकडून घेत नाही. तू तुझं जोडकाम कर, टाकीला तिचं काम शिकवू नकोस."

फिटरनं मान डोलावून पाना उचलला. तापमान कळायची एक सुई टाकीला चिकटवायची होती, म्हणून त्यानं आवरणाचा पत्रा सोडवला, लोकर बाजूला केली. आतलं तांबं तांबूस चमकलं. त्यावर तो बराच वेळ टॉर्च फिरवत राहिला.

"कुणी केली म्हणालात?"

"माझ्या नवऱ्यानं."

"एकट्यानं नाही. हे दोघांचं काम आहे." त्यानं उभ्या सांध्यावरून बोट फिरवलं. झाळाचे बारीक खवले एकावर एक बसलेले होते. "ही शिवण उजव्या हाताची. खवले बघा कुठं झुकलेत. आणि ही पलीकडची डावखुऱ्या माणसाची. उलटे झुकलेत. पण काय हात आहे! मला सांगितलं तरी जमायचं नाही."

"तुला सांगितलेलं जमतंय का तेवढं बघ," थोरली म्हणाली. "पत्रा लाव परत."

धाकटीचा नवरा डावखुरा होता.

वाटणीच्या दिवशी धाकटी एवढंच म्हणाली होती, "टाकी दोघा भावांनी केली, मग ती एकाच न्हाणीघरात का?" आणि थोरलीनं चारचौघांत उत्तर दिलं होतं, "तुझ्या नवऱ्यानं पत्रा धरला फक्त. पत्रा तर खुंटीही धरते." धाकटीचा नवरा तेव्हा जाऊन तीनच महिने झाले होते. त्यानंतर थेट बोलणं झालं नाही. थोरलीला आपलं वाक्य आठवायचं, पण ते जिभेवर आलं की ती दुसरं काहीतरी जोरात बोलायची.

अडचण आता अशी की पॅनल गच्चीवर बसणार आणि गच्ची धाकटीची.

परवानगी मागायला फिटरला जिन्यात उभं केलं. थोरली खालच्या पायरीवर, धाकटी वरच्या दारात. दोघींमध्ये बारा पायऱ्या. एक शिंकली तर दुसरीच्या अंगावर यावं एवढं अंतर.

"सांग तिला," थोरली म्हणाली, "गच्चीचा एक कोपरा हवा आहे. तिथं नाहीतरी कावळेच बसतात."

फिटरनं वर बघितलं. "त्या म्हणतात..."

"ऐकलं मी. सांगा त्यांना, कावळे भाडं देत नाहीत, पण घाणेरडं बोलतही नाहीत. कोपरा देईन. मला काय मिळेल?"

"काय हवं, विचार."

"एक नळ. गरम पाण्याचा. माझ्या न्हाणीघरात."

थोरलीचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा झाला. "माझ्या टाकीचं पाणी?"

"सांगा त्यांना, ऊन माझ्या गच्चीवरचं आहे."

"सांग तिला, ऊन तिच्या माहेरून आलेलं नाही!"

फिटरनं कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. "बाई, मी नळाचं काम करतो," तो म्हणाला. "हे असलं जोडकाम मला येत नाही. पण वरून खाली येणारा पाइप यांच्या न्हाणीघराच्या भिंतीवरूनच जाणार आहे. त्यातून एक फाटा काढायला मला अर्धा तास लागेल. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, माझं जेवण राहिलंय."

मुलानं मागून आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपली अट सांगितली. "हो म्हण. आणि ऐक. कॉइल बंद ठेवू. पंधरा दिवस नुसत्या उन्हावर चालवू. तुझी टाकी तापली तर राहिली. नाही तापली तर पंधराव्या दिवशी दुपारी भंगारवाला दारात असेल, आणि मग तू एक शब्द बोलायचा नाहीस."

"पंधरा कशाला? पाच दिवसांत तुझी पाठ भाजून निघेल," थोरली म्हणाली आणि जिन्याकडं पाठ करून घरात गेली. तिच्या भाषेत त्याला होकार म्हणतात.

काम दोन दिवस चाललं. शेवटी थोरलीनं फिटरला अडवलं. "त्या पाइपाला एक कॉक लाव. माझा हात पोचेल तिथं."

"लावणारच आहे. उद्या दुरुस्तीला टाकी काढावी लागली तर लागतो." त्यानं छतातून उतरलेला पाइप तिच्या खांद्याच्या उंचीपर्यंत खाली आणला, तिथं लाल दांड्याचा कॉक बसवला आणि पलीकडून पाइप पुन्हा वर वळवून माळ्यावरच्या टाकीत नेला. "पण बाई, हा असाच उघडा ठेवायचा. एरवी हात लावायचा नाही. वरचा नळ बंद करायला हा नाही, त्याचा कॉक वर आहे त्यांच्याकडं. हा बंद केला तर..."

थोरली ऐकत नव्हती. तिचं लक्ष फिटरच्या मिशीकडं होतं. मिशीला चहा लागलेला होता, आणि त्या घरात दुपारी चहा खाली झालेला नव्हता. वरचा चहा पिऊन आलेला माणूस खालच्या बाईला काय सांगणार? वरचीचंच गाणं गाणार. तिनं मनाशी गाठ मारली: हात लावू नका म्हणतोय ना, म्हणजे तिथंच गोम आहे.

पहिले तीन दिवस टाकी अशी तापली की मुलानं दोन बादल्या थंड मिसळल्या. "बघ!" थोरली दिवसातून चारदा म्हणायची. टाकीखालून जाताना ती पत्र्यावर हळूच थाप मारायची, वासराच्या पाठीवर मारावी तशी.

चौथ्या दिवशी तिनं पाइपाला हात लावला.

छताकडून येणारी बाजू होती ती. चटका बसला. त्याच वेळी वर धाकटीच्या बादलीत पाणी पडायला लागलं, धो धो, आणि त्यावर धाकटीचं गुणगुणणं. थोरली तिथंच थिजली. हातात चटका, कानात बादली. दोन आणि दोन चार करायला शाळा लागत नाही. पाइप गरम, म्हणजे त्यातून गरम पाणी चाललंय. गरम पाणी कुठून निघतं? टाकीतून. बत्तीस वर्षं टाकीतूनच निघत आलंय. आडात असतं ते पोहऱ्यात येतं, आणि या घरचा आड म्हणजे टाकी. मग हे चाललंय कुठं? वर. त्या बयेच्या बादलीत.

"चोराच्या हातात चावी!" ती पुटपुटली आणि लाल दांडा आडवा केला.

पाइपात ठक् असा एक आवाज झाला आणि गप्प झाला. वरचं गुणगुणणं मात्र थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी खालचं पाणी कोमट आलं. त्याच्या पुढच्या दिवशी मुलगा न्हाणीघरातून ओरडत बाहेर आला. थोरलीनं पाइप पुन्हा चाचपला. छताकडची बाजू अजून कोमट लागत होती. म्हणजे कॉक पाझरतोय, अजून चोरी चालूच आहे. तिनं नवऱ्याच्या पेटीतून पक्कड काढली आणि दांडा दातओठ खाऊन आवळला. टाकीकडच्या बाजूला हात लावून बघायचं तिच्या मनातही आलं नाही. टाकीकडं काय बघायचं? टाकी आपली. ती कुठं चोरी करणार आहे?

वरती मात्र दिवसेंदिवस पाणी जास्तच पडू लागलं. सकाळी बादली, दुपारी बादली. धाकटी कपडेही गरम पाण्यात भिजवू लागली. भिंतीतून आवाज आला, "भिंती, किती गं वाफ झाली आरशावर! तोंडसुद्धा दिसेना."

"भिंती, सांग तिला, त्यात बघण्यासारखं आहे काय?" थोरलीनं खालून टोला दिला, पण स्वतः ती थंड पाण्यानं हात धूत होती आणि बोटं आखडत होती. धाकटी तिला आधीही पाण्यात पाहायची. आता बादलीत पाहत होती.

दहाव्या दिवशी गच्चीवर फुस्स झालं. पॅनलच्या टोकाला वाफ सोडायची एक झडप होती, ती सुटली आणि उकळतं पाणी धाकटीच्या वाळत घातलेल्या चादरीवर पडलं. चादरीचा निळा रंग शेजारच्या पांढऱ्या उश्यांवर उतरला. त्या दिवशी भिंतीला जे ऐकावं लागलं त्यानं गिलावा कसा निघाला नाही, देव जाणे. फिटरला मुलानं निरोप पाठवला, पण तो दुसऱ्या गावी एका मोठ्या इमारतीच्या कामावर गेला होता आणि आठवडाभर येणार नव्हता.

"टाकी गेली, आई," मुलगा म्हणाला. "जुनी आहे. आत काहीतरी बसलंय. पॅनल उकळतंय आणि टाकी गार, याचा अर्थ काय?"

अर्थ थोरलीपाशी होता, पण तिला वाटत होता तो अर्थ वेगळा, आणि तोही सांगता येत नव्हता. कॉक मी बंद केला म्हणावं तर शब्द देऊन नळ तोडल्याचं कबूल होतं. चोरी म्हणावं तर धाकटीशी बोलणं आलं. ती चार दिवस गप्प राहिली. थोरली गप्प म्हटल्यावर मुलाला वाटलं, आईनं टाकीचा नाद सोडला. त्यानं भंगारवाल्याला सांगून टाकलं.

पंधराव्या दिवशी दुपारी हातगाडी दारात येऊन लागली. भंगारवाला न्हाणीघरात शिरला, माळ्याकडं बघून दाराची रुंदी हातानं मापली. "अशी निघायची नाही," तो म्हणाला. "आधी चेपावी लागेल." आणि गाडीवरून हातोडा आणायला गेला.

चेपावी लागेल. थोरलीनं टाकीच्या पत्र्यावर हात टेकवला. मुलगा पाना घेऊन स्टुलावर चढला. आणि नेमकं तेव्हा वर पाणी पडायला लागलं, बादलीत, धो धो.

तिचं डोकं फिरलं. ती बाहेर पडली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा तो जिना चढली. गुडघे प्रत्येक पायरीला शिव्या देत होते. ती त्याहून वाईट शिव्या देत होती. धाकटीचं दार ओलांडून ती थेट गच्चीवर गेली, कारण वरून कपडे झटकल्याचा आवाज येत होता.

धाकटी दोरीपाशी उभी होती. हातात तीच चादर, निळ्यापांढऱ्या डागांची. थोरलीला बघून तिचे हात थांबले. मध्ये दूधवाला नव्हता, फिटर नव्हता, भिंत खालीच राहिली होती. होतं ते पॅनल, काळंभोर, उन्हात तळपणारं.

"पॅनलबाई," धाकटी शांतपणे म्हणाली, "विचारा त्यांना, वाट चुकल्या का?"

थोरलीला दम लागला होता. एक हात गुडघ्यावर, एक हात हवेत. तिनं पॅनलकडं बघितलं. पॅनलला सांगायला वेळ नव्हता.

"अगं ए भवाने, पाणी बंद कर माझं!"

मग धाकटीच्या तोंडावर हसू पसरलं, सावकाश, अकरा वर्षं राखून ठेवलेलं.

"हरलात, जाऊबाई."

"हरले तर हरले! माझी टाकी गार करून तू इथं चादरी धुतेस? गरम पाणी सगळं उपसलंस माझं!"

"तुमचं?" धाकटीनं चादर खांद्यावर टाकली. "इकडं या. या म्हणते ना. हात लावा." तिनं थोरलीचं मनगट धरलं आणि पॅनलच्या खालच्या पाइपावर टेकवलं. "माझी बादली भरतेय आत्ता, म्हणजे पाणी चालू आहे. कसा लागतोय?"

"थंड."

"हा खालून येतो. तुमच्या टाकीतून. आता हा वरचा."

थोरलीनं हात लावला आणि झटकन मागं घेतला.

"हा खाली जातो. माझ्या न्हाणीघरातून तुमच्याकडं. गरम पाणी तुमच्याकडून येत नाही हो, तुमच्याकडं जातं. तुम्ही कॉक लावून तेच अडवलंत. मग ते जाईल कुठं? माझ्या बादलीत. आणि मी घेईन तेवढं थंड पाणी तुमच्या टाकीत भरतं."

लाल दांडा थोरलीच्या डोळ्यांपुढं आला, आणि दांड्याच्या पलीकडची, टाकीकडची बाजू, जिला तिनं एकदाही हात लावला नव्हता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिनं आपल्याच हातानं आपलीच टाकी गार केली होती, वर पक्कड लावून.

"तुला कसं कळलं मी कॉक लावला?"

"पहिल्याच दिवशी. माझ्या भिंतीत ठक् झालं. दुसऱ्यांदा तर पक्कड घसरल्याचासुद्धा आवाज आला."

"आणि बोलली नाहीस?"

"कुणाशी? भिंतीशी?" धाकटीचा आवाज चढला. "आणि का बोलू? तुम्ही माझा नळ तोडायला गेलात. देवानं न्याय केला, मी रोज दोन बादल्या न्याय घेतला."

खालून ठण् असा आवाज आला. हातोड्याचा. तांब्याचा आवाज असतो तसा, लांबट, अंगात उतरणारा. थोरलीनं कठड्याकडं धाव घेतली, पण तिच्या घशातून आवाज फुटेना. जिन्यानंच सगळा दम खाऊन टाकला होता. "अरे..." एवढंच निघालं, तेही वाऱ्यावर गेलं.

"थांबव त्यांना," ती धाकटीला म्हणाली. "तुझा आवाज जातो."

धाकटी जागची हलली नाही. "मी का थांबवू? माझं काय आहे त्या टाकीत? माझ्या नवऱ्यानं तर नुसता पत्रा धरला होता. पत्रा तर खुंटीही धरते."

शब्दाला शब्द. अकरा वर्षांत एक काना इकडचा तिकडं झालेला नव्हता.

खाली कुणीतरी काहीतरी सरकवलं. दुसरा घाव अजून पडला नव्हता.

"डावी शिवण त्याची आहे," थोरली म्हणाली.

"काय?"

"ऐकलंस."

"नाही ऐकलं. म्हातारी झाले मी."

"डावी शिवण तुझ्या नवऱ्याची आहे, बहिरे! मला तेव्हाही माहीत होतं. त्याचीच जास्त सुबक आहे, असं माझा नवरा स्वतः म्हणायचा. झालं? आता ओरड!"

धाकटीनं खांद्यावरची चादर दोरीवर टाकली. तिची हनुवटी एकदा थरथरली, पण ते थोरलीनं बघितलं नाही असं दोघींनीही ठरवलं. मग ती कठड्यावर वाकली आणि तिनं असा आवाज लावला की पलीकडच्या रस्त्यावरचा सायकलवाला उतरून उभा राहिला.

"ए हातोडेवाल्या! खाली ठेव तो! त्या टाकीला परत हात लावलास तर तुला चेपून तुझ्याच गाडीवर घालीन! अर्धी टाकी माझी आहे!"

"अर्धी?" थोरलीला एकदम आवाज परत आला. "अर्धी कुठून आली? मी एक शिवण म्हटलं!"

"शिवणी दोनच आहेत, जाऊबाई. एक माझी म्हणजे अर्धी. दुसरी पास आहात ना?"

"बूड? झाकण? कॉइल? ते कुणी केलं?"

"आणि पत्रा कुणी धरला? पत्रा धरल्याशिवाय बूड हवेत लागलं का?"

खाली अंगणात मुलगा हातात पाना घेऊन बाहेर आला आणि मान वर करून उभा राहिला. आईला आणि काकूला एकमेकींशी बोलताना त्यानं बघितलं त्याला अकरा वर्षं झाली होती, आणि तेव्हाही त्या हेच बोलत होत्या. भंगारवाल्यानं त्याला विचारलं, "नेऊ का नको?" तो म्हणाला, "तुला जीव प्यारा असेल तर जा."

थोरली खाली आली. टाकीच्या आवरणाला एक खड्डा पडला होता, मुठीएवढा, उजव्या शिवणीच्या जवळ. ही गोष्ट धाकटीला कधी कळू द्यायची नाही, हे तिनं तिथंच ठरवलं. लाल दांडा हातानं हलेना. पक्कड लावून, मुलाला बाजूला सारून, तिनं तो उभा केला. पाइपात ठक् झालं. पंप मोकळा घुमू लागला.

"आई, हा कॉक बंद होता?"

"होता. मी केला होता. टाकी नीट आहे. विषय संपला."

तिनं टाकीकडच्या बाजूला हात ठेवला. पाइप थंड होता. मग हळूहळू, तळव्यापासून बोटांपर्यंत, ऊब चढली. ऊब वाढली, चटका झाला. तिनं हात काढला नाही. टाकी घेत होती, पोटभर, वरच्या गच्चीवरचं. बत्तीस वर्षांत हे तिनं टाकीला कधी करताना बघितलं नव्हतं, आणि बघायला तिला मुळीच आवडलं नाही.

वर बादलीत पाणी पडायला लागलं.

थोरलीनं मान वर केली. भिंतीकडं बघितलंसुद्धा नाही.

"अगं ए! पुरे झाली एक बादली! आधी टाकी भरू दे!"

"अर्धी माझीच भरतेय!" वरून आवाज आला. "आणि कॉकला हात लावलात तर याद राखा, मला ठक् ऐकू येतं!"